आई, तू माझ्याबरोबर रांगेत येशील ना?

वडगाव शेरीहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे माहेर कसबा पेठेतले, हिंदू. सासर मूळचे श्रीरामपूरकडचे, मराठी कॅथलिक. बिशपांची रीतसर परवानगी घेऊन त्यांचे लग्न चर्चमध्ये झाले, मुलीचा बाप्तिस्मा झाला, आणि आता नऊ वर्षांची ही मुलगी येत्या डिसेंबरात प्रथम ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत (चर्चमधल्या सामूहिक उपासनेत) वाटली जाणारी पवित्र भाकर, घेणार आहे. पत्रातला मुख्य भाग असा:

“सासऱ्यांच्या पहिल्या पुण्यस्मरणाच्या मिस्सेला आम्ही सगळे गेलो होतो. वेदीजवळ समई लावलेली होती, मध्येच आरतीही झाली, त्यामुळे मला अगदी घरच्यासारखे वाटले. सगळे ख्रिस्तप्रसादासाठी रांगेत उभे राहिले तशी मीही राहिले आणि तीर्थाला करतात तसा उजवा हात पुढे केला. फादरांनी हलक्या आवाजात विचारले, ‘कॅथलिक आहात का?’ मी नाही म्हटले. त्यांनी मान हलवली आणि मी सगळ्यांदेखत रिकाम्या हाताने जागेवर परत आले. नंतर नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, ते पवित्र असते, तुम्ही त्याला शिवायचे नसते. आमच्याकडे सत्यनारायणाचा प्रसाद दारी आलेल्या कुणालाही देतात. मग देवाच्या घरी हा भेद का? काही वर्षांपूर्वी एका लग्नात मी अजाणता तो घेतलाही होता. त्याचे पाप लागले असेल का? आता लेक रोज विचारते, ‘आई, तू माझ्याबरोबर रांगेत येशील ना?’ तिला मी काय सांगू?”

ताई,

आधी दोन गोष्टी मोकळ्या करते, कारण त्या मनात सलत राहिल्या तर पुढचे काहीच नीट ऐकू येणार नाही. लग्नातल्या त्या प्रसंगाचे पाप तुम्हाला लागलेले नाही. ज्याचा अर्थ ठाऊक नव्हता ते तुम्ही श्रद्धेने हातात घेतलेत. त्यात अवमान नव्हता, आणि कॅथलिक शिकवणीनुसार पाप घडायला माणसाला आपण काय करतो आहोत हे कळलेले असावे लागते. ती भीती आज काढून टाका.

दुसरी गोष्ट त्या बाईंच्या बोलण्याची. “तुम्ही त्याला शिवायचे नसते” हे वाक्य चर्चचे नाही. सोवळ्याओवळ्याची जी सवय आपल्या सगळ्यांच्याच अंगात मुरलेली आहे, ती त्यांच्या तोंडून बोलली. पुढच्या मिस्सेत एक ओळ लक्ष देऊन ऐका. ख्रिस्तप्रसाद वाटण्याच्या अगदी आधी सगळे भाविक, त्यांत फादरही, एक वाक्य म्हणतात: प्रभो, तू माझ्या छपराखाली यावेस अशी माझी योग्यता नाही, पण तू शब्द मात्र बोल. हे वाक्य मुळात एका रोमन शताधिपतीचे, म्हणजे शंभर शिपायांवरच्या अधिकाऱ्याचे आहे. कफर्णहूममध्ये त्याचा चाकर आजारी पडला, तेव्हा त्याने येशूला असे म्हटल्याचे मत्तयच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात आले आहे. तो यहुदी नव्हता, परधर्माचा आणि परक्या फौजेतला माणूस होता, आणि एवढी श्रद्धा मला इस्राएलातही आढळली नाही असे येशू त्याच्याविषयी म्हणाला. जगभरातले कॅथलिक ख्रिस्तप्रसादाला जाताना आपली योग्यता या बाहेरच्या माणसाच्या शब्दांत सांगतात. पात्रतेने आम्ही पुढे आणि तुम्ही मागे, असे कुणी म्हणत असेल तर त्याने हे वाक्य नुसते तोंडाने म्हटलेले आहे.

तरीही फादरांनी तुम्हाला ख्रिस्तप्रसाद दिला नाही, आणि तो त्यांनी द्यायला हवा होता असे मी म्हणणार नाही. सांगण्याची वेळ आणि रीत मात्र चुकली. पुण्यस्मरण, लग्न, अंत्यविधी अशा प्रसंगी निम्मे चर्च आप्तेष्टांनी भरलेले असते. तिथे वाटपाआधी दोन वाक्ये सगळ्यांना प्रेमाने समजावून सांगितली, तर रांगेच्या टोकाला पोचल्यावर एकट्या माणसाला प्रश्न विचारण्याची पाळीच येत नाही. तुमचा रिकामा हात तुम्हाला आयुष्यभर आठवेल, आणि त्याबद्दल आम्हा कॅथलिकांच्या बाजूने मला मनापासून वाईट वाटते.

मी खडकीत वाढले आणि पुढे वीसएक वर्षे प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या मुलांना धर्मशिक्षण दिले. तुमचा प्रश्न मला मुलांनीही विचारलेला आहे, पण त्याच्या मुळाशी आमचाच एक शब्द आहे हे कळायला मला बराच वेळ लागला. माझ्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. जगभरातल्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला, तेव्हापासून लोकभाषेतल्या मिस्सेची वाट खुली झाली. पुढे १९६९ साली भारतातल्या बिशपांच्या विनंतीवरून रोमने बारा बदलांना संमती दिली: मांडी घालून बसणे, हात जोडून नमस्कार करणे, मेणबत्तीच्या जागी तेलाचा दिवा, आरती, फुले वगैरे. तुम्हाला घरच्यासारखे वाटले त्यामागे हा इतिहास आहे. मराठी भाविकांनी ‘ख्रिस्तप्रसाद’ हा शब्दही त्याच आपलेपणाने जवळ केला. तो गोड शब्द आहे, मला फार आवडतो. पण प्रसाद म्हटले की मराठी माणसाचा हात आपोआप पुढे होतो, आणि तिथे तुम्ही अडखळलात.

सत्यनारायणाच्या पूजेत शिरा नैवेद्य म्हणून ठेवतात, देव त्याचा स्वीकार करतो असे आपण मानतो, आणि तोच शिरा प्रसाद होऊन परत येतो. त्याला देवाचा स्पर्श झालेला असतो, त्यात कृपा असते, पण तो शिराच असतो. म्हणून तो पानात वाढता येतो, शेजारी पाठवता येतो, डब्यात घालून ऑफिसात नेता येतो. मिस्सेतही भाकर आणि द्राक्षारस वेदीवर आणतात. भाकर म्हणजे गव्हाच्या पिठाची, खमीर न घातलेली, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी आणि कागदासारखी पातळ चकती. यापुढे मात्र कॅथलिक श्रद्धा एक अवघड गोष्ट सांगते. धर्मगुरू येशूचे शब्द उच्चारतात, पवित्र आत्म्याला आवाहन करतात, आणि जे परत येते ते भाकर नसते. रंग, चव, वजन, वास सगळे भाकरीचेच राहते. ते मुळात जे होते ते मात्र पालटून स्वतः ख्रिस्त होते. त्याचे चिन्ह किंवा त्याची आठवण एवढ्यावर आम्ही थांबत नाही. १२१५ साली रोममध्ये भरलेल्या बिशपांच्या लॅटरन परिषदेने या पालटासाठी नेमका तात्त्विक शब्द वापरला, पण श्रद्धा त्याच्या कितीतरी आधीची आहे. म्हणूनच मिस्सा संपल्यावर उरलेला ख्रिस्तप्रसाद वेदीमागच्या छोट्या पेटीत कुलूप लावून ठेवतात, तिच्याजवळ अखंड दिवा तेवतो, आणि तुमच्या सासूबाई चर्चमध्ये शिरताच आधी त्या दिशेने गुडघा टेकतात. तुम्ही हे पाहिले असेल, पण कशासमोर ते कुणी सांगितले नसेल.

हे आले कुठून? येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर यहुद्यांच्या वल्हांडणाच्या सणाचे भोजन केले. त्याने भाकर घेतली, आभार मानले, ती मोडली आणि दिली. म्हणाला, हे माझे शरीर आहे, तुमच्यासाठी दिले जाणारे. माझ्या स्मरणार्थ हे करा. ख्रिस्तप्रसादाच्या या विधीला ‘युखारिस्त’ही म्हणतात, आणि त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच आभार मानणे असा आहे. येशू हे बोलला तेव्हा विश्वासघात करणारा त्याच पंगतीत बसलेला होता. दुसऱ्या दिवशी क्रुसावर ते शरीर खरोखर दिले गेले. रात्रीच्या शब्दांनी दुसऱ्या दिवसाच्या मरणाचा अर्थ सांगितला: ते हिसकावून घेतलेले आयुष्य नव्हते, आपण होऊन दिलेले होते. मिस्सा म्हणजे या देण्याचे स्मरण. पण ‘स्मरण’ हा शब्द इथे पुण्यतिथीला फोटोला हार घालावा इतका हलका घेऊ नका.

तुम्ही कसब्यात वाढलात, म्हणून पालखीचे उदाहरण देते. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी नाना पेठेत आणि माउलींची भवानी पेठेत मुक्कामाला असते, तेव्हा दर्शनाच्या रांगेतला माणूस ‘फार पूर्वी एक संत होऊन गेले’ असे मनात म्हणत नाही. त्याच्या लेखी माउली आज निघालेली असते आणि तो तिच्याबरोबर चालत असतो. उपमा पूर्ण लागू पडत नाही, कारण आमची श्रद्धा याहून पुढे जाते, पण दिशा तीच आहे. मिस्सेत ख्रिस्त पुन्हा मारला जात नाही. क्रुसावरचे ते एकदाच झालेले अर्पण त्या वेदीवर आजचे होते आणि आम्हाला त्यात सामील होता येते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती जीवनाचा उगम आणि शिखर असे याचे वर्णन केले आहे. रविवारी मिस्सा चुकली तर तुमच्या सासूबाई दिवसभर अस्वस्थ का असतात, याचे उत्तर त्यात आहे.

आता सामील होण्याविषयी, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. अर्पणाच्या वेळी एक क्षण असा येतो की तो बहुतेकांच्या नजरेतून निसटतो, कारण तेव्हा गाणे चालू असते आणि दानाची पिशवी फिरत असते. धर्मगुरू चषकात द्राक्षारस ओततात आणि मग लहानशा भांड्यातून त्यात पाण्याचे थेंब टाकतात, अगदी दोन-तीन. ते पाणी म्हणजे आपण. एकदा मिसळले की कुणालाही ते वेगळे काढता येत नाही. मी मुलांना सांगत असे की त्या थेंबांत आपला अख्खा आठवडा घाला: झालेले भांडण, परीक्षेची भीती, आजीचे दुखणारे गुडघे. ताई, या क्षणी मनातले काही अर्पण करायला तुम्हाला कोणी अडवलेले नाही. तुम्ही पहाटे उठून करता ते डबे, नोकरी, मुलीचा अभ्यास, परक्या घरच्या परंपरेत लेकीला वाढवण्याचा तुमचा मोठेपणा, हे सगळे त्या थेंबांबरोबर देवाला देता येते.

रांगेतला क्षण मात्र वेगळा आहे. तिथे एक छोटासा संवाद होतो. फादर म्हणतात, ‘ख्रिस्ताचे शरीर’. घेणारा म्हणतो, ‘आमेन’. आमेन म्हणजे हे खरे आहे, मी यावर उभा आहे. त्या एका शब्दात तो माणूस म्हणतो की हा ख्रिस्तच आहे असे मी मानतो, बाप्तिस्म्याने मी त्याचा झालो आहे, आणि या मंडळीशी माझे आयुष्य बांधलेले आहे. चौथ्या-पाचव्या शतकातले बिशप संत ऑगस्टीन यांनी नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना समजावले होते की तुम्हीच ख्रिस्ताचे शरीर आहात आणि तुम्ही जे आहात त्यालाच आमेन म्हणता. जो शब्द तुम्ही आज मनापासून उच्चारू शकत नाही, तो तुमच्या तोंडून वदवून घ्यायचा नाही, इतकाच या नियमाचा गाभा आहे. तुमच्या श्रद्धेचा तो मानच आहे असे मी समजते, मग त्या दिवशी तो कितीही कठोर वाटलेला असो.

हा नियम हिंदूंना दूर ठेवण्यासाठी कुणी मागाहून घातलेला नाही. इ.स. १५५ च्या सुमारास जस्टिन नावाच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने रोमच्या सम्राटाला, म्हणजे ख्रिस्ती नसलेल्या माणसालाच, आपल्या उपासनेचे वर्णन लिहून पाठवले होते. रविवारी सगळे एकत्र जमतात, प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांचे लेख वाचले जातात, प्रमुख बोध करतो, उभे राहून प्रार्थना होते, भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस आणतात, आभाराची प्रार्थना होते, लोक आमेन म्हणतात, मग वाटप होते, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी त्यांचा वाटा पोचवतात. त्या रविवारचे दान अनाथ, विधवा, कैदी आणि परगावचे पाहुणे यांच्यासाठी असे. सासऱ्यांच्या मिस्सेत तुम्ही जे पाहिलेत त्याचा सांगाडा हाच. त्याच लेखात जस्टिन म्हणतो की जो आमची शिकवण खरी मानतो, ज्याचा बाप्तिस्मा झाला आहे आणि जो ख्रिस्ताने सांगितले तसे जगतो, त्यालाच हे अन्न घेता येते.

तिसरी अट बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे, हे ध्यानात घ्या. गंभीर पाप मनावर असेल तर कॅथलिकानेही आधी धर्मगुरूंपुढे पापनिवेदन केल्याशिवाय रांगेत जायचे नसते. पुढच्या रविवारी नीट पाहा, प्रत्येक मिस्सेला काही माणसे बाकावरच बसून राहतात. का, ते विचारायचे नसते. इतर ख्रिस्ती पंथांच्या लोकांनाही सहसा इथे ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. आणि तुमची लेक? बाप्तिस्मा झालेली, सगळ्यांची लाडकी. तरी गेली नऊ वर्षे तीही ख्रिस्तप्रसादावाचूनच घरी आली आहे. पूर्वी मुलांना यासाठी दहा-बारा वर्षांची होईपर्यंत, कधी त्याहूनही जास्त, थांबावे लागे. पोप दहावे पायस यांनी १९१० साली सांगितले की मूल साधारण सात वर्षांचे झाले आणि साधी भाकर व ही भाकर यांतला फरक त्याला कळू लागला, की पुरे.

थांबणे म्हणजे काय ते २०२० साली आम्हालाही कळले. चर्चची दारे बंद, मिस्सा मोबाइलवर. अनेक महिने मी ख्रिस्तप्रसाद घेतला नाही. पडद्यासमोर बसून, प्रभो, आज तुला घेता येत नाही, तर मनात तरी ये, एवढे म्हणत असे. याला आध्यात्मिक ख्रिस्तप्रसाद म्हणतात. दारे उघडल्यानंतरच्या पहिल्या मिस्सेला माझ्या पुढे एक आजोबा होते. त्यांचे दोन्ही तळवे इतके थरथरत होते की फादरांनी त्यांच्या हाताखाली आपला हात धरला. त्या दिवसापासून बाकावर बसून राहिलेल्या माणसाकडे मी वेगळ्या नजरेने पाहते.

यावर तुम्हाला कुणी म्हणेल, मग बाप्तिस्मा घेऊन टाका, प्रश्नच मिटला. माझा सल्ला असा की केवळ रांगेत उभे राहता यावे किंवा नातेवाइकांची तोंडे बंद व्हावीत म्हणून तसे करू नका. ख्रिस्ताची ओढ खरोखर लागली, तर प्रौढांसाठी चर्चमध्ये टप्प्याटप्प्याची, बरेच महिने चालणारी तयारी असते आणि ईस्टरच्या रात्री दीक्षा मिळते. ती वाट कधीही बंद होत नाही. ओढ नसेल तर तुम्ही आहात तशाच त्या बाकावर बसा, ती जागा तुमचीही आहे. क्वार्टर गेटच्या सिटी चर्चची कथा पुण्यात सगळ्यांनाच ठाऊक असते असे नाही: पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती लोकांना मिस्सेसाठी जागा हवी होती, आणि १७९२ साली सवाई माधवरावांनी त्यांना ती दिली. या शहरातल्या पहिल्या चर्चची जमीनच मुळी एका हिंदू राज्यकर्त्याने दिलेली आहे.

डिसेंबरच्या त्या दिवसासाठी आत्ताच फादरांची वेळ घ्या आणि यजमानांना बरोबर न्या. त्यांना दोन गोष्टी विचारा. अर्पणाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस वेदीकडे नेणाऱ्यांत आईवडील म्हणून तुम्हा दोघांना चालता येईल का? आणि ख्रिस्तप्रसादाच्या वेळी छातीवर हात दुमडून केवळ आशीर्वादासाठी पुढे येण्याची पद्धत त्यांच्याकडे आहे का? मिस्साविधीच्या पुस्तकात ती नाही, काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी नाही. म्हणून आधी विचारलेले बरे, पुन्हा कुणी सगळ्यांदेखत अडवायला नको. नाही म्हणाले, तर लेक रांगेत जाईल तेव्हा तुम्ही जागेवर उभ्या राहा आणि शताधिपतीचे ते वाक्य मनात म्हणा.

लेकीला खोटे सांगू नका, आणि “मला चालत नाही” असेही सांगू नका. ‘चालत नाही’ हे शब्द तिच्या मनात तुम्हाला कमी करतील. तिला म्हणा, “तू येशूला ‘आमेन’ म्हणणार आहेस, तो शब्द तुझा आहे. मी तो अजून म्हटलेला नाही, आणि मनात नसलेला शब्द देवापुढे म्हणू नये. तू परत येशील तेव्हा मी इथेच असेन, आणि तुझ्या आत येशू असताना पहिली मिठी मला मिळेल.” नऊ वर्षांच्या मुलांना हे कळते. मी पाहिले आहे, मोठ्यांपेक्षा लवकर कळते.

एक काम मात्र त्या सकाळी तुमचेच असेल. ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी तासभर पाणी आणि औषध सोडून काही घ्यायचे नसते. माझी आई मध्यरात्रीपासून उपाशी राहायची. तो जुना नियम गेला, तासाचा आला, तरी तिने तिची सवय सोडली नाही, पण मुलांवर ती कधी लादली नाही. मिस्सा आठची असेल तर ख्रिस्तप्रसाद पावणेनऊच्या आसपास होईल. मुलगी घाबरलेली असेल, खायला नको म्हणेल. पांढरा झगा चढवण्याआधी, सातच्या सुमारास, तिला जवळ बसवून दूध-पोळी भरवा.